बरणीतला कागद

लोणच्याच्या तीन रिकाम्या बरण्या ओट्यावर.
ऐरोली, सेक्टर आठ, सकाळचे साडेदहा.
शेवंता भांडी घासून गेल्यावरच मी हे काढते,
तिला काय सांगणार, की ताई आज
संडासचा कागद मुरायला घालतायत.

नौशादने बजावलंय तुर्भ्याच्या गॅरेजात:
गाडी घरासारखी करून देतो, बेड, ओटा, पंखा, सगळं,
पण टाकी वीस लिटरची.
विरघळणार नाही असा कागद टाकलात
तर आंबोलीच्या वळणावर गाडी थांबेल
आणि मी येणार नाही.

खुर्चीत विश्राम. गुडघ्यावर वही.
एकतीस वर्षं रबाळ्याच्या रंगांच्या कंपनीत
काचेच्या नळ्या उजेडात धरून
निळा आणि जरा कमी निळा
यांतला फरक सांगणारा माणूस.
म्हणतो, तिन्हीत पाणी सारखं घे.
तुकडे मोजून. चार-चार.
आणि एवढं जोरात हलवू नकोस,
प्रवासात कोण एवढं हलतं?
खंबाटकीत सगळेच हलतात, मी म्हणते.
तो ते लिहून घेत नाही.

डावा हात मार्चपासून मांडीवर आहे,
कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा.
ज्याला कधी पंगतीत पुढे येऊ दिलं नाही,
तीर्थाला नाही, प्रसादाला नाही,
कुणाला पैसे देताना चुकून पुढे झाला
तर लहानपणी ज्याने फटका खाल्ला,
तो गेला तेव्हा कळलं
आपलं सगळं सोवळं कुणाच्या जिवावर होतं.

पहिले दोन महिने मी धुवून दिलं.
तो समोरच्या टाइल्स मोजायचा.
अडतीस. त्यातली एक फुटकी.
मलाही पाठ झाल्या.
मग एका सकाळी, चहा घेता घेता,
पेपरातून मान वर न काढता
म्हणाला, कागद आण.

कागदाला पाय लागला तर अजून ज्याचा हात
आपोआप डोळ्यांना जातो,
रद्दी देतानाही जो मुलीच्या जुन्या वह्या
वेगळ्या काढून ठेवतो,
त्याने हे दोन शब्द
किती दिवस तोंडात घोळवले असतील.

पहिली बरणी: मॉलमधला, तीनपदरी,
फुलांची नक्षी, लव्हेंडरचा वास.
वीस मिनिटं झाली,
आत अख्खा बसून आहे, रुसलेल्या जावयासारखा.
दुसरीत गोळे, बिघडलेल्या उपम्याचे.
तिसरीत घाऊक दुकानातला, मळकट, एकपदरी,
हॉटेलवाले गठ्ठ्याने नेतात तो.
त्याची पेज झाली. पूर्ण पेज.
विश्राम बरणी मागून घेतो, खिडकीशी धरतो,
आणि कित्येक महिन्यांनी मला दिसतो
त्याचा तो एक डोळा मिटून बघणं.
पास, म्हणतो.

पण हा बोचेल, मी म्हणते,
तुमची कातडी अजून कुठे बरी झालीय.
तो विचार करतो. मग वहीत उतरतं:
गाडीसाठी नमुना तीन.
घरासाठी नमुना एक, वापरून झाकणाच्या डब्यात टाकणे,
बिनवासाचा मिळतो का बघणे.
खाली सही, तारीख. सवयीने.

एक गोष्ट वहीत नाही.
एका हाताने कागद तुटत नाही.
ओढला की रोल फिरतच राहतो,
कागद फरशीवर, फरशीवरून दारापर्यंत.
नौशाद म्हणाला, वरून जड पत्र्याची पट्टी लावू,
दुसऱ्या कुणी हात दाबून धरल्यासारखी.
काल घरातही एक लावून गेला.
तिचे पैसे घेतले नाहीत.

रात्री आतून आवाज येतो.
सर्रकन. नुसतंच सर्रकन.
थोड्या वेळाने पुन्हा.
मग एकदा, टर्र.

मी कूस बदलते.
उद्या वेंगुर्ल्याचा रस्ता नीट बघायला हवा.
बरण्या मात्र
पुन्हा लोणच्याला वापरायच्या की नाही
यावर अजून आमचं एकमत नाही.