मेल्मनवी

निकाल कन्नडमध्ये आहे, एकवीस पानी.
मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही,
दुकानांच्या पाट्या चित्रासारख्या ओळखत आलो चाळीस वर्षं.
म्हणून जेवणानंतर, दिवे जायच्या आत,
शेजारच्या खाटेवरचा शिवलिंग हुक्केरी
रोज एक पान वाचतो.
तो बैलहोंगलचा, बियाणांच्या गोदामातला.
त्याला बायकोनं आणून टाकलंय, मला कोर्टानं.
जांबोटीच्या ह्या रानात फरक एवढाच,
भात सगळ्यांना सारखा, सांबार सगळ्यांना पातळ.

शिक्षा म्हणजे शिक्षेच, तो म्हणतो.
ठेव म्हणजे ठेवणी.
फसवणुकीला वंचने.
मी म्हटलं, आमच्यात वंचित म्हणजे ज्याला मिळालं नाही तो.
शिवलिंगनं पान उलटलं.
अपिलाला मेल्मनवी.
मला त्यात मनवणी ऐकू येते:
रुसून बसलंय कुणीतरी वरच्या मजल्यावर,
जिना चढून जायचं, मनवायचं.

वडगावात अकरा वर्षं मी पिग्मी गोळा केली.
मागांच्या खडखडाटात कुणी कुणाशी बोलत नाही.
वीस रुपये पुढे येतात, बोटांना रंग लागलेला.
पासबुकात मी लिहायचो वीस,
संध्याकाळी सोसायटीच्या वहीत पाच.
मधले पंधरा
चोर्ला घाटातून येणाऱ्या गोव्याच्या बाटलीत गेले,
असं मुचंडी वकिलांनी लिहिलंय.
आजार आहे, महोदय. हा रुग्ण आहे.
त्यावर वरच्या कोर्टानं तीन वर्षं टांगून ठेवली
आणि सहा महिने इथं राहा म्हटलं,
पंधरवड्याला डॉक्टरांचा कागद,
जिल्ह्याबाहेर पाऊल नाही.
मागच्या ओढ्यापलीकडे जिल्हा नेमका कुठं संपतो
कुणालाच धड माहीत नाही.
मी ओढ्यापर्यंतही जात नाही.

काल सतरावं पान आलं.
साक्षीदार नऊ, शांतव्वा कामकर, वय अडुसष्ट, अंगठा.
शिवलिंग अडखळला, मग सावकाश वाचलं:
इवर अक्षर चन्नागित्तु.
ह्यांचं अक्षर चांगलं होतं.

तिला वाचता येत नव्हतं.
तरी रोज पासबुक उघडून धरायची उजेडाकडे,
दुसऱ्याच्या दारातली रांगोळी बघावी तशी,
आणि मिटून, डब्यात, साडीच्या घडीखाली.
वकिलांनी तिला एकच विचारलं होतं, वास यायचा का तोंडाला?
तिनं उत्तर दिलं ते हे.

दिवे गेले. शिवलिंग घोरायला लागला.
इथल्या डायरीतलं माझं अक्षर
शाईत पडलेला मुंगळा चालत गेल्यासारखं.
चाळिसावा दिवस, हात अजून थरथरतो.
आणि ते पहिलं पासबुक?
सकाळचे अकरा, पोटात एक कप चहा.
अक्षरी रुपये वीस मात्र.
वीसची वेलांटी एका दमात वळली,
शाळेत असती तर मास्तरांनी फळ्यावर गिरवून घेतली असती.
गाडीचा हप्ता तटला होता त्या महिन्यात.
बाटली पुढच्या वर्षी आली.

रविवारी मालू आली. तारीख एकोणीस.
चकल्या आणल्या होत्या, त्या आधी फाटकावर मोडून तपासल्या.
वकिलांचा निरोप तिनं पाठ करून आणलेला:
पिऊन होतास ना, एवढंच विचारतील, हो म्हणायचं.
मग घरच.
तिनं घर असं म्हटलं
की मी चकलीचे तुकडे जुळवत बसलो.

आमच्या बेळगावात सहसा कुणी पण म्हणत नाही,
खरं म्हणतात.
येतो म्हटला, खरं आला नाही.
पैसे होते, खरं दिले नाहीत.
पुण्याकडचे पाहुणे ह्याला हसतात.

आज भटारखान्यात माझी पाळी, दहा किलो कांदा.
सोलता सोलता घोकतोय, एकोणीससाठी,
डोळ्यांतून पाणी, इथं त्याचं कुणाला काही नाही:

पीत होतो, साहेब,
खरं