मांडणी

जनकगंजातला शकील म्हणाला,
हार्ड डिस्क गई, मैडम. कुछ था क्या उसमें?
था, म्हटलं. पण सगळं नव्हतं.

घरी येऊन नवा लॅपटॉप उघडला. कोरा,
अजून थर्माकोलचा वास असलेला.
माझ्याकडे एक फाईल आहे, नाव मांडणी.
साधा मजकूर, हजार-नऊशे ओळी,
पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह शिवणाच्या डब्यात, बटणांमध्ये.

आधी असं नव्हतं.
टिंबाने सुरू होणाऱ्या फायली घरभर पडलेल्या.
टिंब डोक्यावर दिलं की अक्षर नाकात बोलतं,
नावाआधी दिलं की फाईल दिसेनाशी होते.
कुठे काय बदललंय ते मलाच ठाऊक नसायचं.
मग एका जून महिन्यात, लश्करभर वीज गेलेली,
बॅटरी संपेपर्यंत
एकेकीला हाक मारून एका कागदावर बसवलं
आणि प्रत्येकीच्या वर लिहिलं, हे का.

अक्षर मोठं : चाळिशी लागली, मान्य.
कर्सरचं लुकलुकणं बंद :
जयारोग्यमधल्या त्या रात्री
बाबांच्या उशाशी असंच काहीतरी हिरवं लुकलुकायचं.
ळ एका बोटावर, शिफ्ट न दाबता :
या शहरात मी पिंगले आहे.
बँकेत पिंगले, गॅसच्या पावतीवर पिंगले,
परवा फोनवर मुलगासुद्धा सहज म्हणून गेला.
निदान इथे तरी हात लांब करायला लागू नये.

आज्ञा दिली.
यंत्र फक्त चौकटींतलं उचलतं,
भोवतीचं तसंच ठेवतं,
मेथी निवडून झाल्यावर पेपरवर काड्या उरतात तसं.
बघता बघता फायली आपापल्या जागी गेल्या,
टिंबं लावून लपल्या.
कर्सर स्थिर झाला. बाबांचं त्याला माहीत नाही,
बरंच आहे.
मी ळ दाबून पाहिला. ळळळळळ,
ओळभर, कुणी न टोकता.

शेवटून तिसऱ्या चौकटीवर मात्र एवढंच होतं :
हे कशासाठी ते आठवत नाही. काढू नकोस.
दटावणी माझीच, माझ्याच आवाजात.
काढून पाहिलं.
काहीच बिघडलं नाही.

पंखा फिरत होता. खाली कुणीतरी
स्कूटरला किका मारत होतं, ती सुरू होईना.
ती सुरू झाल्यावर
मी ती चौकट परत घातली,
खाली आजची तारीख, आणि लिहिलं :
अजूनही नाही आठवत.