छातीचे केस

पादोव्हाच्या इस्पितळात नर्स नीवेस
कात्री घेऊन आली
आणि माझ्या डोक्याकडे पाहून थबकली.
चाळीस वर्षं त्रिएस्तेत लोकांची डोकी भादरली,
माझ्या स्वतःच्या डोक्यावर एक केस नाही.

तिला हवी होती पेन्सिलीएवढी जाड बट,
मुळाकडचं टोक दोऱ्यानं बांधलेली.
एक सेंटिमीटर म्हणजे एक महिना, ती म्हणाली,
तीन सेंटिमीटरांत तीन महिन्यांची दारू कळते.
मला सांगत होती!
कोण उन्हाळाभर बोटीवर होता,
कोणाची बायको सोडून गेली आणि केव्हा,
हे मी मानेवरच्या केसांवरून ओळखायचो.

केसानं गळा कापतात म्हणे.
मी वस्तऱ्यानंसुद्धा कापला नाही कोणाचा.

"मग छातीचे घेऊ."
मी बटणं सोडली.
"कात्री त्वचेला टेकव, अंगठा तेवढा हलव."
तिनं ऐकलं. माझ्याकडे असती तर
वर्षभरात खुर्ची सांभाळली असती.

मग फॉर्म. आठवड्याला किती ग्लास?
सकाळी उठल्याउठल्या लागायची का?
घरचं कोणी कधी टोकलं?
आमच्याकडे डोंगरावर
दारात आयव्हीची फांदी टांगलेली दिसली
की आत शिरायचं, बसायचं, ओतून घ्यायचं.
त्याला ग्लास कोण मोजतं?

शेवटचा कधी?
हे मात्र मला पाठ होतं.
सहा जानेवारी, संध्याकाळ, तेरानोचा अर्धा ग्लास.
नातीनं माझं चित्र काढलं होतं,
डोळे पिवळ्या खडूनं रंगवलेले.
चेहऱ्याला तिनं तो खडू लावला नव्हता.
उरलेला अर्धा मी सिंकमध्ये ओतला.
"तारीख लिही," मी म्हटलं.

नीवेस चंदेरी कागदाची घडी घालत होती.
"छातीच्या केसाला कॅलेंडर नसतं, सिन्योर.
ते वाढतात, मग महिनोन्‌महिने नुसतेच उभे राहतात.
किती ते सांगतील. कधी ते नाही."

आणि स्पिरिट? लोशन? हाताला काही लावता?
मला हसूच आलं.
दाढी झाली की गिऱ्हाइकाच्या गालांवर जे थापायचं
ते आधी ह्याच तळव्यांवर.
तिनं "न्हावी" लिहिलं
आणि खाली दोन रेघा ओढल्या.
माझ्या बाजूनं की माझ्याविरुद्ध, विचारलं नाही.

बाहेर बाकावर एक मुलगी होती, ल्युदोविका.
जन्मापासूनचं दुखणं,
थेंब कधी चाखला नाही म्हणाली,
तरी तिलाही बोलावलं होतं.
कंबरेपर्यंत वेणी.
मी मनातल्या मनात मोजली,
पाच वर्षं, सहाही असतील,
आणि त्यांना त्यातले हवे होते तीनच महिने.

टोकं दुभंगलेली होती.
दोन बोटं कापून टाक, म्हणणार होतो,
पण तेवढ्यात तिचं नाव पुकारलं.