सौजन्य

मीनाच्या बंदरामागे, साबणाच्या बंद पडलेल्या गोदामावर
आमच्या दोन खोल्या.
खाली मासळीचा लिलाव, वर आईचं शिवणयंत्र,
आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात
माझं कार्ड. वास्तव्य : तीन वर्षं.
प्रकार : सौजन्य.

मुजामला म्हणतात इकडे त्याला.
म्हणजे दारात आलेल्याला बस म्हणायचं,
कॉफी पुढे करायची,
आणि कप रिकामा झाला
की पुन्हा विचारायचं नाही.

मी याच घरात जन्मले,
याच पलंगावर. डावा पाय अजून करकरतो त्याचा.
आई इथली, तिची आई इथली,
पण बाबा दुमियातचे, जाळी विणणारे साब्री,
एका हिवाळ्यात बोटीतून उतरले आणि राहिले,
पुढच्या एका हिवाळ्यात
राहिले नाहीत.
त्यांच्या देशाचा पासपोर्ट आहे माझ्याकडे.
त्या देशात मला एकही गल्ली
वळता येत नाही.

कायद्याच्या लेखी
हा देश माझं आजोळ.
आणि आजोळी माणूस
सुट्टीपुरतं असतं.

समोरच्या पावाच्या भट्टीवरचा अब्दुन्नूर
चाळीस वर्षांपूर्वी मशिदीच्या पायरीवर सापडला,
कांद्याच्या टोपलीत, असं म्हणतात.
ज्याचे आईबाप अज्ञात, तो इथला :
कायदाच आहे तसा.
तो मत देतो. बोटावरची शाई आठवडाभर मिरवतो,
पावाला लागेल म्हणून बायको ओरडते.

एकदा रांगेतून परत येताना
आई जिन्यात मध्येच बसली.
गुडघे धरून म्हणाली,
रिहाम, तुला मी त्या पायरीवर ठेवून
खांबाआड उभी राहिले असते
तर सुटलं असतं सगळं.
मग स्वतःच हसली.
तू रडली असतीस आणि मी धावले असते. पकडले गेले असते.

मी नुहादबाईंच्या प्रसूतिगृहात काम करते.
परीक्षा दिली, पास झाले,
परवाना मात्र नागरिकांना.
म्हणून बाळ मी हातात घेते
आणि सही त्या करतात.
जन्माचा कागद भरते मीच, माझं अक्षर चांगलं आहे.
वेळ, वजन, मुलगा की मुलगी.
वडिलांचं राष्ट्रीयत्व या रकान्याशी आलं
की पेन जरा उचलते. शाई उतरत नाही म्हणून,
असं मी नुहादबाईंना सांगते.

परवा पुन्हा गेलो नूतनीकरणाला.
नवा पोरगा होता खिडकीत, मिसरूड फुटलेला,
नम्र. खुर्ची दिली आईला.
अर्जात विचारलं होतं : इथे राहण्याचं कारण.
मी लिहिलं, आई.
तो म्हणाला, एवढं पुरत नाही, नोंदवहीचा दाखला लागेल,
आणि आईचं पान काढलं.
आजोबांच्या घराण्याचं पान, तिच्या नावापुढे शेरा,
परदेशी माणसाशी विवाहित,
आणि त्याखाली कोरं.
बराच वेळ त्या कोऱ्या जागेवर
आईची नजर होती. शिंपिणीची नजर,
किती कापड उरलंय ते बघणारी.

घरी येऊन तिनं मापांची वही काढली.
गिऱ्हाइकांची पानं मागं टाकत टाकत
शेवटच्या पानावर आली.
तिथं मी आहे.
खांदा, छाती, बाही, उंची,
चौथ्या वर्षापासून दर ईदला
खोडून पुढे लिहिलेले आकडे.
उभी राहा, म्हणाली, टेप गळ्यात टाकत.
आणि श्वास रोखू नकोस,
माप चुकतं.