सुकती

निमिषच्या वर्गातला कुणी एक काश्मीरला जाऊन आला,
पायांना रॅकेटी बांधून बर्फावर चालतानाचा फोटो घेऊन आला.
तेव्हापासून आमच्या घरात, चेंबूरच्या दुसऱ्या मजल्यावर,
पंखा दोनवर असतानाही
थंडी पडली.

मॉलमधल्या खोट्या बर्फाचं तिकीट मी विचारून आले.
माणशी इतके, भाड्याचा कोट वेगळा, हातमोजे त्याहून वेगळे.
रिक्षात बसून आकडा विसरायचा ठरवला,
तो जिना चढून माझ्याआधी घरात.

हेरंब काही बोलला नाही.
माळ्यावरून त्याच्या कॉलेजातल्या बॅडमिंटन रॅकेटी उतरवल्या,
सहा, एकीलाही धड तार नाही.
जुन्या खुर्चीच्या नायलॉन पट्ट्या त्यांत विणल्या,
सायकलच्या ट्यूबचे बंद केले,
आणि रॅकेटी संपल्या म्हणून माझ्यासाठी
भाजीच्या क्रेटचा तळ कापून दोन चौकोन.
मी म्हटलं, मला टोमॅटोचा वास येतोय.
तो म्हणाला, येऊ दे.

पौष वद्य द्वितीया. ओहोटी सात चाळीसला.
कॅलेंडरवर हेही छापतात,
हे मला चाळिशीत कळलं.

ट्रॉम्बेच्या कोळीवाड्याशी बस रिकामी झाली.
धक्क्यापलीकडे खाडी नव्हतीच.
होता तो चिखल, करडा, चकचकीत,
धुक्यात शेवट न सापडणारा,
आणि लांबवर एक गुलाबी रेघ,
जी मधूनमधून पाय बदलत होती.

चांगुणाबाय जाळं झटकत होत्या.
आमचे पाय बघून त्यांनी जाळं खाली ठेवलं.
हसल्या नाहीत. हे मी नंतर बराच वेळ आठवत राहिले.
"पोरांच्या कंबरेला दोर बांध," म्हणाल्या,
"त्या खांबाच्या पुढं जायाचं नाय.
आन् पाय उचलू नका गो, सारवा.
जमीन सारवतात ना, तसा."

आमच्या घरी फरशी. मी कधी काही सारवलेलं नाही.
केतकीला लगेच जमलं.

निमिष चौदा किलो, चिखलावर पेपरसारखा.
केतकी तेवीस, जराशी दबली आणि किंचाळून हसली.
हेरंब आम्हाला समजावत होता,
वजन पसरलं की चिखल गिळत नाही,
आणि "गिळत"वर तो गुडघ्यापर्यंत आत गेला.
पाय वर आला. रॅकेट आली नाही.

मी मात्र उभी होते
टोमॅटोच्या दोन चौकोनांवर, अख्खी.
घराचे हप्ते, सासऱ्यांचं डायलिसिस, आठवड्याला तीन रात्रपाळ्या,
हे सगळं मी आजवर एकाच टाचेवर घेऊन चालले होते.
पसरता येतं, हे कुणी म्हणालं नव्हतं.
म्हणालं असेलही. मी घाईत असेन.

निमिषने निवट्या पाहिला.
निवट्याने निमिषला पाहिलं.
दोघं एकदमच दचकले.
केतकी तोंडातून वाफ येते का म्हणून
हा, हा करत होती. सतरा अंश होतं.
आली नाही.
मग तिनं ठरवलं, आली.

खांबापर्यंत गेलो, दोराला धरून, चौघं,
फराफर सारवत.
मागे वळून पाहिलं तर आमच्या पायांची जाळी उमटलेली,
तीन जोड्या गोल, एक चौकोनी,
आणि मध्ये हेरंबचं भोक, त्यात पाणी.

परतल्यावर धक्क्याच्या नळावर पाय धुतले.
चांगुणाबायने चहा दिला, पैसे घेतले नाहीत.
रॅकेट सापडली तर ठेवते म्हणाल्या.
जायचं यायचं बसभाडं, आणि दोन वडापाव अर्धे अर्धे,
बाकी खर्च नाही. मी तरीही मनात दोनदा बेरीज केली.

बसच्या खिडकीतून पाणी चढताना दिसत होतं.
निमिष काचेला नाक लावून.
"आई, तो वितळला."
हो.
"आता परत कधी पडेल?"
मी कॅलेंडर आठवलं.
संध्याकाळी, म्हटलं. आठ वाजता.

तो बराच वेळ गप्प राहिला.
"रोज?"
रोज दोनदा.
काश्मीरवाल्या मुलाला हे उद्या सांगायचं,
एवढ्याच विचारात
तो झोपून गेला, पायात एकच मोजा.