दिवे लावणे

डुलूथमध्ये नोव्हेंबरात साडेचारलाच अंधार पडतो.
गुडघ्यांची परवानगी घेऊन मी तळघरात उतरतो,
यंत्राची काच सरकवून काढतो, भिंतीला टेकवतो.

पिनबॉलचं हे धूड चाळीस वर्षांचं. नाव 'पाणबुड्या'.
वरच्या चित्रात पितळी शिरस्त्राण घातलेला माणूस,
त्याच्या पायाशी ऑक्टोपस,
आणि ऑक्टोपसच्या तिसऱ्या पायावर
शेजारच्या कर्टच्या पोरानं किल्लीनं ओढलेला ओरखडा.
बोलिंगचा अड्डा बंद पडला तेव्हा उचलून आणलं,
पाय काढून, गादीत गुंडाळून.
लेम्पी म्हणाली होती, इस्पितळातून माणसाला आणतात असं.

आता तिच्या डोळ्यांतला मधला भाग गेला.
डॉक्टरनं कागदावर गोल काढला, आत काळं केलं.
कडा शाबूत, म्हणाला.
ती माझ्या कानाकडे बघते
तेव्हा मी तिला दिसतो.

म्हणून कडांना उजेड. साधा हिशोब.
लोहखनिजाच्या धक्क्यावर एकतीस वर्षं
वादळात क्रेनच्या केबली जोडल्या मी,
हे तर सहा व्होल्टचं काम.

जुने दिवे एकेक उपटले. तापून तापून
त्यांनी शेजारचं प्लास्टिक पापडासारखं वाकवलं होतं.
त्यांच्या जागी एलईडी. पांढरेशुभ्र. शंभरावर दोन.
लेम्पीनं दांडा ओढला, गोळी सुटली,
आणि त्या पांढऱ्यात साखरेसारखी विरघळली.
"आर्विड, इथे आता कुणाचं ऑपरेशन आहे?"
आणि जरा थांबून,
"चांगलेच दिवे लावलेस."

मग मधाच्या रंगाचे. मग फळीखालून पट्टी.
मग वाकड्या मानेचे दोन छोटे झोतदिवे,
बगळ्यासारखे, बंपरांवर रोखलेले.
बटण बंद केलं तरी दोन-तीन दिवे मिणमिणत राहायचे,
कुठून तरी उरलीसुरली वीज पीत.
त्यांना रोधक जोडता जोडता बोट भाजलं.
फळी उचलून टेकवली की खाली सगळं आतडं,
तांबडं, निळं, चिंध्यांनी बांधलेलं,
कुणा अनोळखी बाईनं कारखान्यात विणलेलं.
एका तारेवर तिची पेन्सिलची खूण अजून आहे. बाणासारखी.
मी तिच्या बाणाच्या उलट गेलो की फ्यूज उडायचा.

उरला डावा कोपरा.
जिथून गोळी सटकते आणि परत येत नाही.
तिथे कधीच काही दिसायचं नाही, मलाही नाही.
तीन रात्री घालवून एक दिवा बसवला,
तांदळाच्या दाण्याएवढा.
डोळ्यांत तेल घालून बघितलं, सावली कुठे पडते ते.

शुक्रवारी लेम्पी खेळायला उभी राहिली. मान तिरकी,
ओव्हनचा हातमोजा अजून खांद्यावर.
पहिली गोळी डावीकडे गेली.
दुसरीही.
तिसरी तिनं सोडलीच नाही.

"तो काढ."
कुठला, मी विचारलं, उगाच.
"तिथे गोळी आली की रबर बोलतं.
आधी टक्, मग बारीक खरखर.
मी ऐकायचे आणि मारायचे.
तू उजेड केलास, मी बघायला लागले.
बघायला लागले की हरते."

काढला.
बाकीचे राहू दे म्हणाली, ऊब वाटते.
तांदळाचा दाणा सध्या बरणीत आहे, स्क्रूंबरोबर.

ती वर गेली. कॉफीच्या भांड्याचा आवाज आला,
बंदरातून जहाजाचा भोंगा, लांब, मग दोन आखूड,
मग पुलाचं उत्तर.
मी डोळे मिटून एक डाव खेळलो.
टक् ऐकू आलं. खरखर ऐकू येईतो
गोळी गेलेली.
तिन्ही वेळा.

जिन्यावरून तिचा आवाज:
"डावीकडे?"

डावीकडे.