चार खाचांची थाळी

नायमेखन, नोव्हेंबर, सकाळचे सात.
कोटाच्या बाह्या अजून ओल्या,
मी उबवणयंत्राचं दार उघडते.

थाळीला चार खाचा.
तीनमध्ये तीन औषधं,
चौथीत नुसतं अन्न, तुलनेसाठी.
उगवायचं ते तिथंच.

चारही हिरव्या.
राखाडी हिरव्या, मखमली,
आजोबांच्या टोपीची कड असावी तशा.

लेंडर्ट राउखरोक, वय एकाहत्तर,
रक्ताचा कर्करोग, उजव्या फुप्फुसात डाग.
व्यवसायाच्या रकान्यात कुणीतरी लिहिलंय: कंद.
एवढंच.

मी हिलेखोमची. मला एवढं पुरतं.
लावणीआधी ट्युलिपचे कंद पिंपात बुडवायचे,
दुधी पाणी, कोपरापर्यंत हातमोजे,
बुरशी लागू नये म्हणून.
तरी सडलेले, सालपटं, उरलंसुरलं
शेताच्या कडेला ढिगावर.
ढीग आतून तापायचा.
थंडीत त्याच्यावर वाफ धरायची
आणि आम्ही पोरं तिथं हात शेकायचो.

तिथंच केव्हातरी, त्या उबेत,
नक्कल उतरवताना एक चूक झाली:
चौतीस अक्षरं
लागोपाठ दोनदा गिरवली गेली.
आणि पुढे, अठ्ठ्याण्णवाव्या जागी,
ल्युसीन बसायचं तिथं
हिस्टिडीन येऊन बसलं.
कुलपाचं भोक जरासं वाकडं,
आणि कुलपं पूर्वीच्या कितीतरी पट.
किल्ली आमची एकाच साच्यातली,
शेतावर एक नाव, दवाखान्यात दुसरं.

बुरशी शिकली, असं आम्ही बोलता बोलता म्हणतो.
कुठली शिकतेय.
बाकीच्या मेल्या.
पिंपाखालून ओघळलेलं पाणी
वर्षानुवर्षं निवडत बसलं,
तांदळातले खडे वेचावेत तसं,
फक्त इथं खडेच ठेवले गेले.
मग एखाद्या कोरड्या दुपारी
कुणीतरी ढिगात फावडं घातलं असेल.
वाऱ्याला तेवढं पुरतं.

वॉर्डात फोन लावते. यिस्के उचलते.
"तिन्हींत?"
"तिन्हींत."
तिकडे कुणाच्या तरी पंपाची टिकटिक.
दुसरं औषध आहे, ती म्हणते, स्वतःशीच,
मूत्रपिंडांना जड जाईल.
मग, ठेवता ठेवता:
"तू तिकडचीच ना गं?
ते सारखं विचारताहेत,
लावणी उरकली का."

मला काय माहीत.
पंधरा वर्षं झाली गावी गेले नाही.
"उरकली म्हणावं," मी सांगते.

थाळीचं झाकण चिकटपट्टीनं बंद करते,
दोनदा, सवयीनं,
आणि हात धुते,
कोपरापर्यंत.